दुपट्ट्याने धरलेली जागा

नॉर्वेला आम्ही गेलो ते मुलीच्या हट्टापायी, आणि तिथे फिरलो तेही तिच्याच हट्टापायी. आमच्या ह्यांची अट एकच होती, पेरणीच्या आत दिग्रसला परत यायचं. म्हणून मे महिना ठरला. आपल्याकडे मे म्हणजे दुपारी दार लावून पडण्याचा महिना. तिकडे मात्र शनिवार उजाडला की घरात कोणी थांबत नाही. डबा बांधायचा, सकाळची बस धरायची, डोंगर, धबधबा, जुनं चर्च असं काहीबाही पाहायचं आणि संध्याकाळी घरी. आम्ही पुसदच्या बाजाराला जातो तितक्या सहज ते लोक हे करतात.

मुलीने आदल्या वर्षी तिथल्याच मुलाशी लग्न केलं होतं, तिथल्या कचेरीत सही करून. फोटो फोनवर आला तेव्हा हे जिनिंगवर कापसाची गाडी खाली करत होते. पाहिला, "चांगला हाय" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. त्यानंतर जावयाचा विषय नाही. जावयाचे पाय धुणं, त्याला दुपट्टा-टोपी देणं, चार सोयऱ्यांत मिरवणं, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. मुलीला मात्र एवढंच हवं होतं की बाबांनी त्याच्याशी बोलावं. विमानतळावर उतरल्या उतरल्या ती माझ्या कानाशी लागली, "आई, जाईपर्यंत बोलतीन नं बाबा त्याच्यासंगं?" मी म्हटलं, "बोलतीन." मला स्वतःला काडीची खात्री नव्हती.

जावई उंच, गोरा, मुकाट. सकाळी हात जोडून "नमस्कार" म्हणे, हे मान हलवत, आणि दिवसभराचा कारभार तिथेच संपे. भाषा येत नाही हे निमित्त झालं. पांढरकवड्याच्या ढाब्यावर ह्यांनी तेलुगू ट्रकवाल्यांशी तासतासभर गप्पा ठोकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ह्यांना तेलुगूचा त येत नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही धबधबे पाहायला गेलो. मुलीचं शहर बर्गन, ते सोडलं की रस्ता बोगद्यात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. बाहेर आला की एका बाजूला समुद्राचं पाणी डोंगरात घुसलेलं आणि दुसऱ्या बाजूला कड्यावरून वितळलेला बर्फ कोसळतोय. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एवढं पाणी वाया चाल्लं. काही अडवून राह्यले का नाही हे लोक?" मुलीने सांगितलं, यावरच इथली वीज होते. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पण मला सांगायचं आहे ते बसचं. स्टॉपवर सगळे अंतर ठेवून रांगेत उभे होते. बस आली तसे हे रांगेला बगल देऊन पहिले चढले. येष्टीत बसलेल्या माणसाची सवय, जाता जात नाही. पुढच्या सीटवर बसले आणि शेजारच्या जागेवर दुपट्टा टाकला. दिग्रसच्या बाजारातून घेतलेला नवा कोरा दुपट्टा होता तो, घडीसुद्धा मोडली नव्हती. रोजचा जुना खांद्यावर होताच. मला वाटलं, जागा माझ्यासाठी धरली. मी मुलीजवळ बसले म्हणून हे फुगले असतील असंही वाटलं, आणि मी दुर्लक्ष केलं. या वयात कोण समजूत काढत बसतं! जावई सगळ्यांत शेवटी चढला. दुपट्ट्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मागे जाऊन एकटाच बसला.

पुढच्या शनिवारी एक जुनी लोकरीची गिरणी पाहिली. ह्यांनी यंत्राभोवती फिरून सरकी कुठून निघते ते शोधलं, आणि लोकरीला सरकी नसते हे लक्षात आल्यावर स्वतःशीच हसले. दुपारी हिरवळीवर डबा उघडला. मी केलेल्या पोळीबरोबर जावयाने तिथलं तपकिरी चीज वाढलं. खरपूस खव्यात गूळ घातल्यासारखं लागत होतं. ह्यांनी दोनदा घेतलं. देणाऱ्याकडे पाहिलं नाही. बसमध्ये पुन्हा तोच दुपट्टा, तीच रिकामी जागा. मला आता रागच यायला लागला होता. पोरगी समोर झुरतेय आणि बाप मख्ख बसलाय.

तिसऱ्या खेपेला लाकडी चर्च पाहायला निघालो. त्या दिवशी बस भरली. जावई दांड्याला धरून पूर्ण रस्ता उभा राहिला, ह्यांच्या अगदी बाजूला, आणि दुपट्टा आपला आरामात सीटवर. ह्यांचा चेहरा लाल होत गेला.

चर्च काळंभोर होतं. भिंतींना डांबर फासलेलं, उन्हात त्याला बैलगाडीच्या वंगणासारखा वास सुटला होता. जावई तिकिटं काढायला गेला आणि हे मुलीवर उखडले.

"पाह्य तुह्या नवऱ्याची अकड! दर खेपेले जागा धरून राह्यलो मी त्याच्यासाठी. उभा राह्यला, पण सासऱ्याच्या बाजूनं नाही बसला! काहून? आमच्या आंगाले वास येते का?"

मुलगी बघतच राहिली. मीही. मग ती म्हणाली, "बाबा, इथं सीटवर काही ठेवलं म्हणजे लोक समजतात, बाजूले कोणी बसू नका. तो मले रोज म्हणते, तुह्या बाबाले मी जवळ नको हाय."

शेतकरी माणूस चुकला की जमिनीकडे पाहतो, तसे हे पाहू लागले. मलाही वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही ती जागा माझ्यासाठी नव्हती हे मला ओळखता आलं नव्हतं.

मुलगी नवऱ्याला सांगायला धावणार तोच ह्यांनी तिला हटकलं. "तू नको सांगू. मी पाहतो."

चर्च आम्ही पाहिलं. आत काय होतं ते मला आज सांगता येणार नाही.

परतीच्या बसला हे पुन्हा पहिले चढले. पुन्हा दुपट्टा टाकला. जावई आला, दुपट्टा दिसला तसा मागे वळला. ह्यांनी त्याचं मनगट धरलं आणि दुपट्ट्यावर दोनदा थाप मारली.

"जवाई, बसा."

तो गडबडला. दुपट्टा उचलला, बसला, आणि उचललेला दुपट्टा दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरला. कोणाचीही वस्तू परत करतात तसा. ह्यांनी तो घेतला नाही. त्याचे हात हळूच मागे सारले.

"राहू द्या. तुमचाच हाय."

जावयाने अर्थ विचारायला मागे वळून मुलीकडे पाहिलं. तिला दोन्ही भाषा येतात, पण त्या वेळी तिला एकही बोलता येईना.