पावती फाडायची, माणूस नाही

"पावती फाडायची, माणूस नाही." ते हवालदार हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. दंड आता मशीनवर होतो, पावती फाडायचे दिवस गेले. वाक्य तेवढं राहिलं. मानपाड्याजवळच्या एका चौकात ते उभे असायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. तुमच्याही रस्त्यावर असे एखादे मामा असतील, ज्यांना लांबून बघितलं की आपला हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे जातो.

दंड मात्र ते कुणाला सोडायचे नाहीत. एकदा सख्खा मेहुणा सापडला. "दाजी, मी आहे," तो हसत म्हणाला. "दिसतंय ना. लायसन दाखव." मेहुणा दोन महिने घरी फिरकला नाही.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. एका सकाळी स्कूटरवरून निघालो होतो. मामांच्या चौकात नाकाबंदी होती, एक तरुण फौजदार गाड्या अडवत होता. त्याने न बोलताच माझ्या गाडीची चावी काढायला हात घातला. मी चावीवर हात ठेवला आणि म्हणालो, "साहेब, काय चुकलं ते तरी सांगा."

एवढंच. त्याने माझ्या कानाखाली अशी दिली की मी गाडीसकट आडवा झालो. मग दांडका. पहिला पाठीवर बसला, दुसरा मांडीवर. आजूबाजूचे लोक मोबाइल काढायलाही घाबरले. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले, पण लागलं काहीच नाही. बघतो तर मामा माझ्याकडे पाठ करून मध्ये उभे. तो फटका त्यांनी हातावर घेतला होता.

"साहेब, बास," ते हळू आवाजात म्हणाले. "दंड लावू ना."

त्यांनीच मला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. औषध घेऊन बाहेर पडतो तोवर कळलं की माझ्यावरच तक्रार झालीय: सरकारी कामात अडथळा, अधिकाऱ्याला धक्काबुक्की. नोकरी जाणार, हे मी आणि बायकोने धरूनच चाललो.

चौकशी ठाण्याच्या मोठ्या पोलीस ऑफिसात झाली. नाकाबंदीवरच्या बाकीच्या तिघा पोलिसांनी "काही दिसलं नाही" असं लिहून दिलं. मामांनी जे पाहिलं ते पहिल्या चापटीपासून लिहून दिलं, खाली सही केली. निवृत्तीला त्यांची दीड वर्षं उरली होती. बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "तुमच्यासाठी नाही केलं हो. मी तिथं उभा होतो ना, मग?"

माझ्यावरची तक्रार मागे घेतली गेली. फौजदाराची बदली झाली. मामांचीही झाली, उचलून आणलेल्या गाड्या ठेवतात त्या मैदानावर. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि माझ्या गाडीचा आरसा तुटलाय म्हणून ओरडले.

ते गेल्याचं मला पंधरा दिवसांनी समजलं. कल्याणला त्यांच्या चाळीत गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा वर्दीतला फोटो होता. त्यांच्या पत्नीने विचारलं, "तुम्ही कोण? ऑफिसातले का?"

मी सांगितलं. चौक, दांडका, मध्ये घातलेला हात, चौकशीतली सही. त्या ऐकत राहिल्या.

"हात सुजला होता खरा," त्या म्हणाल्या. "आम्हाला म्हणाले, बॅरिकेड लागलं. आणि बदली तर काय, होतच असते म्हणाले."

 मग त्यांनी आत हाक मारली. "बाहेर ये गं जरा. पप्पांचं काय सांगतायत बघ." मुलगी ओले हात पुसत आली आणि उंबऱ्याशी बसली.

"हां," त्या मला म्हणाल्या, "आता परत पहिल्यापासून सांगा."