पनीरच्या पाण्याची आच

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. धारूर ठाण्याला माझी बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. दिवाळी सरली होती. ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या जुंपून कारखान्यांकडे गेल्या होत्या आणि डोंगरातल्या वाड्या झोप लागल्यासारख्या गप्प होत्या. मागे राहिली होती ती म्हातारी माणसं आणि दारांची कुलपं.

अशात ठाण्यात एक निनावी फोन आला. "सायब, डेअरीचा टँकर रोज दुपारी घाटात आडरस्त्याला लागतो. तिथं नकली दूध बनत असंल." हवालदारांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली.

पायथ्याच्या त्या डेअरीत पनीर बनायचं. दूध फाडून पनीर काढून घेतलं की खाली आंबट, पिवळसर पाणी उरतं. डेअरीने ते आवारातच शुद्ध करावं, असा नियम आहे, आणि कागदोपत्री तसंच चाललं होतं. मग टँकरमधून रोज काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाच्या वळणावर जीप लावली. डोंगरावर धुरकट ऊन पसरलं होतं. त्यातून टँकर तरंगत आल्यासारखा हळूहळू वर आला. दोन पंचांसमक्ष पंचनामा केला, नमुने सीलबंद केले, टँकर ठाण्याच्या आवारात लावला. ड्रायव्हर पस्तिशीचा, डोंगरातल्याच वाडीचा.

"माल कुणाला देतोस?"

"माल न्हाई सायब. पनीरचं पाणी हाय."

"मग घाटात कशाला नेतोस?"

त्यावर तो गप्प. आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. खोटं बोलणारा माणूस सहसा लवकर आणि भरपूर बोलतो. हा खिडकीबाहेर डोंगराकडे बघत राहायचा. असा माणूस स्वतःसाठी घाबरलेला असतो, नाहीतर दुसऱ्याला पाठीशी घालत असतो. मी पहिलं धरून चाललो. संध्याकाळी नोटीस देऊन त्याला सोडलं, सकाळी पुन्हा बोलावलं. दोन दिवस तेच.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. काठी आडवी ठेवलेली, लुगड्याला वाटेतली कुसळं चिकटलेली. ड्रायव्हर तिला बघून चटकन उठला. "मावशी, तुला येऊ नको म्हनलं होतं ना!"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "आमचा टँकर कामून धरला, सायब? दोन दिस झाले, वाडीत आच न्हाई."

"कसली आच, मावशी?"

"तोंडानं काय सांगू? चला, दावते."

मी तिला आणि ड्रायव्हरला जीपमध्ये घेतलं. वाडीत शिरलो तेव्हा दुपार टळत होती. सीताफळीची पानं पिवळी पडून वाटेवर पसरली होती आणि आमच्या बुटांचा आवाज आम्हालाच मोठा वाटत होता. म्हातारीच्या घरामागे शेणाच्या गॅसची जुनी टाकी होती. तिच्या गवंडी नवऱ्याने बांधलेली. तिथून सात घरांना नळी गेली होती. पण बैल टोळीबरोबर गेले की शेण संपायचं आणि ऐन थंडीत, घरात फक्त म्हातारी माणसं असताना, टाकी मरायची.

"मग ह्यानं हे पाणी आणलं," ती म्हणाली. "नुसतं ओतलं तर टाकी आंबती. म्हनून शेळ्यांच्या लेंड्या, जरा चुन्याची निवळी. रोज थोडं थोडं चारायचं, लेकराला चारावं तसं."

आतल्या खोलीत तिने दार लोटून घेतलं. "उजेडात दिसत न्हाई ती." शेगडीचा कान पिळला, काडी ओढली. टाकीत उरलासुरला गॅस होता. अंधारात एक निळं फूल उमललं. ना धूर, ना आवाज. त्या थरथरत्या उजेडात तिचा चेहरा मला फार जुन्या ओळखीचा वाटला. मी तिथे कशासाठी आलो आहे, हेच काही क्षण विसरलो. मग ज्योत बारीक होत होत गेली. खोलीत पुन्हा काळोख झाला.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर आपणहून बोलू लागला.

"सायब, खरं सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, आधी कुठं ओतत होतास. मंग डेअरी बंद, अन् वाडीची आच बी बंद. डेअरीमागच्या ओढ्यात ओतत होतो. मालकाचा हुकूम होता. मासे मेले. धनगराच्या चार मेंढ्या पाणी पिऊन माझ्यासमोर तडफडल्या. तवापासून गाडी तिकडं वळंना."

मी त्याचा जबाब नोंदवला. नमुन्यांत दुधात भेसळ करायचा माल नव्हता, तो संशय गळाला. ओढ्याचा अहवाल प्रदूषण खात्याकडे गेला, डेअरीवर गुन्हा दाखल झाला, काम थांबलं. ड्रायव्हरची नोकरी गेली आणि तो कोयता घेऊन टोळीमागे निघून गेला. माझ्या फाईलमध्ये एकही चूक नव्हती. वाडीत मात्र शेगड्या विझलेल्या होत्या आणि म्हातारी माणसं डोंगरात काटक्या वेचत होती. ते पाहून मी अनेकदा जीप न थांबवता पुढे गेलो.

पुढच्या वर्षी प्रदूषण खात्याच्या आदेशाने डेअरीने स्वतःचा मोठा गॅस प्रकल्प उभारला. महिन्याभरात तो आंबला. शिकलेली माणसं आली, गेली. शेवटी मालकाने मला विचारलं, "ती म्हातारी येईल का?"

ती आली. झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "लई खाऊ घातलंय ह्याला. आठ दिस उपाशी ठेवा, मग शेण आन् चुना." पंधरवड्यात गॅस धरला. मालकाने काय हवं विचारलं. तिने दोनच गोष्टी मागितल्या: वाडीला पनीरचं पाणी, आणि ते आणायला तोच ड्रायव्हर. मालकाने परवानगीचे कागद केले आणि टोळीकडे निरोप धाडला.

नोकरीत मी बरेच गुन्हे उघड केले. गुन्हा कसा शोधायचा हे मला पोलीस खात्याने शिकवलं होतं. पण एखादा माणूस गुन्ह्यातून बाहेर पडायची वाट एकट्याने शोधत असतो, आणि तो नेमका गुन्हेगारासारखाच दिसतो, हे मला त्या वाडीत कळलं. त्यानंतर माझ्यासमोर कुणी गप्प बसलं, की मी आवाज चढवला नाही. उठून त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो.