पैलवानावर बंदी

"मॅडम, एक तर त्या पैलवानावर बंदी घाला, न्हाईतर रविवारची स्पर्धा विसरा. पोरं खेळणार न्हाई म्हणत्यात."

फोनवर मिलिंदभाऊ होते. नारायणगावजवळच्या वारूळवाडीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर त्यांचं गेमिंग पार्लर आहे. आमच्या कंपनीचा फायटिंग गेम तिथे चालतो. दोघांनी एकाच टीव्हीपुढे शेजारी बसायचं, आपापलं पात्र निवडायचं आणि समोरच्याला पाडायचं. हरेल तो उठतो, पुढचा बसतो.

मी पुण्यात बॅलन्स डिझायनर आहे. गेममध्ये बरीच पात्रं असतात. कोणी चपळ, कोणी दणकट. एखादं पात्र इतकं वरचढ होऊ नये की सगळे तेच घेतील, आणि इतकं दुबळंही नको की त्याला कोणी हातच लावणार नाही. हे जमवणं माझं काम. पात्राची ताकद कमी करण्याला आम्ही 'नर्फ' म्हणतो. नर्फ झालं की ते पात्र खेळणारे आम्हाला शिव्या घालतात. ते पगारातच धरलेलं असतं.

आमचा पैलवान जड आणि संथ. त्याचं हत्यार एकच. जवळ पोचला की हात वर करतो, समोरच्याला पकडतो आणि आपटतो. ही पकड अडवता येत नाही, उडी मारूनच सुटावं लागतं. वर गेलेला हात पाहून उडी मारायला पुरेल इतका वेळ मिळतो. तो वेळ मीच ठरवला होता.

माझे बॉस रणजित सर म्हणाले, "नर्फ कर. शुक्रवारी पॅच सोडू." पॅच म्हणजे गेममधली दुरुस्ती. ती इंटरनेटवरून सगळीकडे एकदम जाते.

"सर, दुसरीकडून तक्रार नाही. पुण्यात तर पैलवान हरतोच जास्त."

"मग तिकडेच का जिंकतोय?"

"जाऊन बघते."

"शुक्रवारच्या आत बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वारूळवाडीला पोचले. तक्रारीचं मूळ समोरच बसलं होतं. अश्विनी, राजुरीची. टोमॅटोच्या नर्सरीत कामाला. काम सुटलं की स्कूटी घेऊन थेट इकडे. ती कायम पैलवानच खेळायची आणि तिला कोणी उठवू शकत नव्हतं. सगळ्यात जास्त वैतागला होता ओंकार. ओतूरचा, पिकअप चालवणारा. अश्विनी यायच्या आधी पार्लरमधला पहिला नंबर त्याचा होता.

"तिच्यात काय न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पैलवान घेतला तर माझी आजीबी जिंकल."

अश्विनीने मान वळवली नाही. "मग घे की तू. कुणी नको म्हणलंय?"

ओंकारने पैलवान घेतला. तिने एक चपळ पात्र निवडलं. ओंकारला तिच्या जवळच जाता येईना. लांबूनच मार खाऊन तो हरला. म्हणजे जवळ जाण्याची कला अश्विनीची होती. मला वाटलं, झालं, खेळाडू चांगली आहे, पात्रात दोष नाही. रणजित सरांना तसं कळवायला मोबाईल काढलाही होता.

पण आलेच होते, म्हणून एक डाव खेळायला बसले. अश्विनीचा पैलवान सरकत सरकत जवळ आला. हात वर गेला, मी उडीचं बटण दाबलं, तरी पकडले गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ऑफिसमध्ये ही पकड मी सहज चुकवते. मागे उभी असलेली पोरं हसायला लागली.

मी माझा लॅपटॉप उघडला, त्यावर गेम लावला आणि अश्विनीला म्हटलं, "आता इथे खेळू." तिथे मी जवळजवळ प्रत्येक पकडीतून सुटले. मग लॅपटॉपच केबलने टीव्हीला जोडला. एकच चित्र दोन्ही पडद्यांवर, शेजारी शेजारी. अश्विनीला पकड मारायला सांगितली आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. लॅपटॉपवर पैलवानाचा हात आधी वर गेला, टीव्हीवर मागाहून. डोळ्याला तो फरक कळत नव्हता, व्हिडिओत स्पष्ट दिसला. टीव्हीवर हात दिसेपर्यंत उडी मारायची वेळ निघून गेलेली असायची.

"टीव्ही नवा हाय राव माझा!" मिलिंदभाऊ दुखावले. "लई भारी पिक्चर हाय."

दुखणं तिथेच होतं. चित्र भारी दिसावं म्हणून टीव्ही आधी ते घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो. सिनेमाला त्याने फरक पडत नाही, पण आमच्या धंद्यात पडतो. मी सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केला, म्हणजे ही घासपूस बंद. रंग थोडे फिके पडले. ओंकार घाईघाईने खुर्चीत बसला आणि पहिल्याच पकडीतून सुटला. पार्लरमध्ये आरडाओरडा झाला.

अश्विनीने हातातला कंट्रोलर खाली ठेवला.

"म्हंजी मी इतके दिस फुकट जिंकत व्हते?"

"जवळ जाणं तुझं होतं," मी म्हटलं. "पुढची पकड टीव्ही मिळवून देत होता."

ती उठली. स्कूटीची किल्ली घेऊन निघून गेली. मला वाईट वाटलं. पैलवानाला हात लावायचा नाही, असं सरांना कळवलं. सर म्हणाले, "म्हणजे टीव्हीसाठी तू नारायणगावपर्यंत गेलीस?" मी हो म्हटलं.

रविवारी मी पुन्हा गेले. खरं तर गरज नव्हती. अश्विनी येईल असं मिलिंदभाऊंना वाटत नव्हतं. ती आली, पैलवान घेऊन फायनलला पोचली. समोर ओंकार. पहिल्या डावात तिने जितक्या वेळा पकड मारली तितक्या वेळा तो उडाला. ती हरली. दुसऱ्या डावात ती जवळ गेली आणि नुसतीच थांबली. ओंकार धास्तीने आधीच उडाला, खाली येताना तिने त्याला हाणलं. असं तीनचारदा करून डाव घेतला. शेवटच्या डावात ओंकारने उड्या आवरल्या, लांबूनच खेळला आणि थोडक्यात जिंकला.

"भारी खेळलीस," तो म्हणाला. यावेळी त्याने आजीचं नाव काढलं नाही.

अश्विनीने हात चोळले. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी आला नसता तर आज मी जिंकले असते."

"हो."

"पण ह्यो उडी मारतो म्हणल्यावर डोकं तरी लावाय लागलं."

एवढं बोलून ती परत रांगेत उभी राहिली. सध्या ती कधी जिंकते, कधी हरते. आमच्या धंद्यात यालाच बॅलन्स म्हणतात. पैलवान अजून तसाच आहे. मात्र कुठूनही तक्रार आली की पात्राची फाईल उघडण्याआधी मी विचारते, टीव्ही कोणता आहे? निम्म्या वेळा पुढचं काम तिथेच संपतं.