संकासुराच्या टोपीतले कवी

माझ्या भावोजींसारखा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि नाही तेच बरं, कारण ह्या एकानेच आमची पुरेवाट केली आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. हेदवीच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात राहतात आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. कुठलीही वस्तू खोलून आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा हात धुऊन येतो म्हणून मागीलदारी गेले ते विहिरीवरचा पंप खोलून बसले. इकडे पोळीवरचं तूप थिजलं. पंप परत जोडल्यावर एक स्क्रू उरला. "हा मुळातच जास्तीचा होता," असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला, आणि खोटं कशाला सांगू, पंप आजतागायत चालू आहे!

अशा माणसाच्या हाती साहित्य पडू नये. पण पडलं. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत त्यांना शंभर वर्षांपूर्वीचे ते परदेशी बंडखोर कवी भेटले. महायुद्धाला विटून त्या लोकांनी अर्थालाच रामराम ठोकला होता म्हणे. वर्तमानपत्र कातरायचं, शब्द टोपीत टाकायचे, हाताला येईल तो काढून वाचायचा, झाली कविता. भावोजींना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. सकाळी सहाला फोन! "शालकबुवा, ह्यांनी भाषेचं इंजिन खोललं हो!" त्यानंतर त्यांच्या घरात एक कागद धड राहिला नाही. लग्नपत्रिका गेल्या, विजेचं बिल गेलं, शेवटी ताईने कोळंबीच्या लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवलेला कागदही गेला. तो त्यांनी पानावर बसून, डोळे मिटून म्हणून दाखवला: "मूठभर ऊन, झाकून तिखट, दोन चमचे कोळंबी, थंड!" ताई म्हणाली, "बरं. आज हेच जेवा."

तरी कविता एकवेळ परवडली. पुढे त्यांनी त्या कवींवर दोन अंकी नाटकच लिहिलं. टेलर, रिक्षावाले, शाळेतले गुरुजी, सगळ्यांना गोरे कवी केलं. मला लठ्ठ कवीचं काम दिलं. त्यामागे कला कमी आणि माझा घेर जास्त होता. तालमीत एखाद्याने जरा भाव आणून वाक्य टाकलं की हे ओरडत, "अर्थ दिसतोय! अर्थ झाका!" गुरुजी बिचारे अर्थ झाकता झाकता घामाघूम होत.

हे सगळं चालू होतं, पण भावोजींचा जीव अडकला होता तो काकांत. भावोजींचे वडील लवकर गेले आणि ह्या चुलत्यांनीच त्यांना वाढवलं. काका चाळीस वर्षं शिमग्यात सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालत आले आणि गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या खेळात, संकासूर नाचवत आले. संकासुराची ती उंच काळी टोपी आपल्यामागे पुतण्याने डोक्यावर घ्यावी एवढंच त्यांचं म्हणणं. आणि पुतण्या निघाला परदेशी कवींच्या मागे! "आपला संकासूर टाकून गोऱ्यांची भुतं नाचवतोस? मी काय यायचा नाय," असं बोलून काकांनी चार महिने अबोला धरला. भावोजी मात्र रोज तालमीला सांगत, "काका येतील." आम्हाला नव्हे, स्वतःलाच सांगत होते ते.

माघी उत्सवात, देवळापुढच्या मांडवात, संध्याकाळी पाचला पडदा वर गेला. पुढच्या रांगेत काकांची खुर्ची, रिकामी. पहिला अंक लोकांनी पाहुण्यांचं भाषण ऐकावं तसा सोसला. दुसऱ्या अंकात मात्र मी असा रंगलो, असा रंगलो, की रंगमंचावरच्या खुर्चीत धाडकन बसलो. आणि खुर्चीवर होती टोपी! मुंबईहून मागवलेली, गावातली एकमेव साहेबी टोपी. तिचं घावन झालं. नाटकाचा शेवट सगळा त्या टोपीतून चिठ्ठ्या काढून कविता म्हणण्यावर! भावोजींनी चपट्या टोपीकडे बघितलं, काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि ओंजळीत चिठ्ठ्या धरून नुसते उभे राहिले. बायका चपला शोधायला लागल्या. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात देवळाच्या खांबाआडून काका निघाले. अहो, पहिल्यापासून तिथे उभे होते ते! तरातरा देवळात गेले, सोंगांची पेटी उघडली आणि संकासुराची टोपी घेऊन थेट रंगमंचावर आले. त्या टोपीला दुसऱ्या कुणी हात लावलेला गावाने कधी बघितला नव्हता. "घे," काका म्हणाले, "टोपी ती टोपी."

भावोजींनी चिठ्ठ्या तीत टाकल्या. पहिली काढली, आणि लहानपणापासून कानात बसलेला काकांच्या गाऱ्हाण्याचा सूर आपसूक तोंडातून बाहेर पडला. "बा म्हाराजा... इंजिन, कोळंबी, उद्याचा पाऊस..." आणि सगळा गाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने गर्जला, "व्हय म्हाराजा!" चपला हातात धरलेल्या बायकासुद्धा! भावोजी एकेक चिठ्ठी काढताहेत आणि मांडव दणाणतोय! त्या गर्जनेत एक घोगरा आवाज काकांचा होता. चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर देणाऱ्यांत उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लठ्ठ कवीच्या भूमिकेत ते नव्हतं.

नंतर भावोजींनी भीत भीत विचारलं, "कळलं काय, काका?"

"कायएक कळलं नाय. पण गाऱ्हाणं सुरात घातलंस." मग थोड्या वेळाने, "टोपी आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

गेल्या पावसाळ्यात काका गेले. यंदा शिमग्याला गाऱ्हाणं भावोजींनी घातलं. उतावळा माणूस, पण प्रत्येक ओळीनंतर चांगला थांबत होता. आम्ही सगळे घसा फोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. ते मान हलवायचे, देवळाच्या खांबाकडे बघत क्षणभर उभे राहायचे आणि मग पुढची ओळ घ्यायचे.