पितरांच्या शनिवारी लावलेली सभा

सभा मीच लावली होती. फलक मीच रंगवला, वाचनालयाच्या दारावर मीच चिकटवला, खुर्च्याही मीच पुसल्या. दहा वाजून गेले तरी आत फक्त मी आणि खुर्च्या. समाज कसा बदलायचा याची शिकवणी घेऊन मी नुकताच राजधानीहून, सोफियाहून परतलो होतो. तिथून रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे मिळाले होते, मोठ्या कागदाची गुंडाळी मिळाली होती. कॅलेंडर बघायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दारात गिंकामावशी उभी राहिली. डोक्याला काळा रुमाल, काखेत टोपली.

"स्पास, काय चाललंय रे?"

"सभा आहे मावशी. बसची."

"कुणाबरोबर, खुर्च्यांबरोबर? आज पितरांचा शनिवार आहे, गाढवा! सगळं गाव कबरस्तानात आहे. तुझी आजीसुद्धा तिथं तुझी वाट बघतेय, आणि तिला जाऊन सात वर्षं झाली."

मी ह्याच गावात, लिपोवोतच जन्मलो, लहानपणी ह्याच शनिवारी कबरीवरच्या घुगऱ्या खाऊन पोट बिघडवून घेतलं, आणि तरी विसरलो. शिकलेल्या माणसाला सगळं नव्यानं शिकावं लागतं ते असं.

बसचं प्रकरण साधं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणारी आमची एकुलती एक बस पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. बुधवारी जिल्ह्याच्या गावी, नगरपालिकेत त्यावर मतदान. मावशीचा नवरा मिंचो ह्याच बसनं रक्त शुद्ध करून घ्यायला जायचा. त्याची मूत्रपिंडं कामातून गेलेली. बस गेली की मिंचो गेला, हे गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची संस्था म्हणजे 'शेजार'. तिचा पगारी नोकर मी, तोही अर्ध्या वेळेचा; पण संस्था खरी मावशीची. तरुणपणी ती भाज्यांच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं आवळायची. अजूनही तिनं आवळलेलं झाकण उघडायला घरात दुसरा माणूस लागतो. कारखाना बंद पडला तेव्हा बायका घराघरांत कोंडल्यासारख्या झाल्या. मावशी एकेकीकडे वाडगा घेऊन जायची, कधी भाजलेल्या मिरच्यांची चटणी, कधी भोपळ्याची वडी, आणि वाडगा तिथंच ठेवून यायची. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून ती बाई काहीतरी करून आणायची, आणली की बसायची, बसली की बोलायची. बोलता बोलता कुणाचं औषध संपलंय, कुणाची सून रडतेय, कुणाच्या छपरातून पाणी येतंय हे कळायचं, आणि पुढच्या आठवड्यात चारजणी मिळून ते छप्पर नीट करायच्या. सोफियात आम्हाला शिकवणाऱ्या बाई ह्याला लोकांशी नातं बांधणं म्हणतात. मावशी म्हणते वाडगा ठेवणं.

"आणि हे कागदावर काय गिरबटलंयस?" तिनं विचारलं.

तो माझा अभिमानाचा नकाशा होता: कोण कुणाचं ऐकतं. मधोमध नगरपालिका. तिच्याकडे जाणारा बाण सरपंच झाप्रियानचा, कारण तिथं गावाच्या वतीनं तोच बोलणार. पण झाप्रियानकडे एकही बाण जात नव्हता. तिथं मी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मावशीनं एकेका बाणावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हसणार.

"बरं काढलंयस," ती म्हणाली. "झाप्रियान फक्त आईचं ऐकायचा."

"पण ती तर वारली."

"मग आज तो कुठं असेल?"

मी खुर्च्या तशाच टाकून निघालो. आयुष्यात कुठल्याही प्रमाणपत्राचा वाटला नाही इतका अभिमान मला त्या प्रश्नचिन्हाचा वाटला.

झाप्रियान आईच्या कबरीवर वाइन ओतत होता. शेजारी धुपाचा धूर. मावशीनं वाटेत दोन-चार बायकांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. पितरांच्या शनिवारी पुढे आलेला घास नाकारता येत नाही. ज्याच्या नावानं दिलाय त्याला देव माफ करो म्हणायचं आणि खायचं.

पहिली आली द्रागना. "घे झाप्रियान, माझ्या आईच्या नावानं. शेवटच्या हिवाळ्यात बसनंच दवाखान्यात जायची बिचारी."

"देव माफ करो," झाप्रियाननं घुगऱ्या तोंडात टाकल्या.

मग दुसरी. "माझ्या नवऱ्याच्या नावानं. बस होती म्हणून नातवाचं बारसं बघून गेला."

"देव माफ करो."

तिसरी, चौथी. बसबद्दल मागणं कुणीच मागत नव्हतं. सगळ्या फक्त खायला घालत होत्या. झाप्रियानचे गाल भरले होते आणि कान लाल झाले होते.

शेवटी मावशी पुढे झाली. हातात निळा वाडगा, झाकलेला. झाप्रियाननं सवयीनं हात पुढे केला.

"हे कुणाच्या नावानं, गिंका?"

मावशीनं झाकण काढलं नाही.

"कुणाच्याच नाही. मिंचोच्या नावानं द्यायची वेळ अजून आलेली नाही."

झाप्रियानचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो आईच्या दगडावर ठेवला.

"बुधवारी या," तो म्हणाला. "सगळे या. मी एकटा बोललो तर नगरपालिकेतले कागद चाळत बसतात."

"जायचं कसं?" द्रागनानं विचारलं.

"बसनं," मावशी म्हणाली. "आहे तोवर."

बुधवारी बस इतकी भरली की चालकाला मिंचोसाठी एकाला उठवावं लागलं. तो एक मी होतो. मतदान झालं, बस राहिली. सोमवारी मिंचो टोपी सारखी करत तीत चढला, आणि खिडकीतून मला म्हणाला, "काय रे, सभेला कुणी आलं का शेवटी?"

त्या शनिवारी कबरस्तानातून निघताना मावशीनं निळा वाडगा माझ्या हातात दिला होता. आत भोपळ्याची वडी होती. ती मी वाटेतच संपवली.

वाडगा अजून माझ्याच फडताळात आहे. रिकामा नेता येत नाही, आणि मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. मावशी रस्त्यात भेटली की वाडगा मागत नाही. फक्त विचारते, "काय शिजतंय, स्पास?"