मागच्या सीटवरचे दाजी

दाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. निलंग्याला अक्काच्या घरी मी मोटारसायकलवरून पोचलो की ते आधी उकिडवे बसून मागच्या चाकावरून तळहात फिरवायचे. "डाव्या अंगानं झिजून राहिलाय. साखळी ओढताना चाक वाकडं बसलंय तुझं," म्हणायचे, आणि मग वर बघून विचारायचे, "कसा हाईस बालाजी?" अक्काचा नवरा म्हणून ते माझे दाजी. पण एसटीच्या डेपोत टायर बदलण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे आळीतली लहानथोर सगळी त्यांना टायरवाले दाजीच म्हणत.

इतक्या बसगाड्यांना त्यांनी पाय दिले, पण स्वतः कधी हैदराबादच्या पलीकडे गेले नव्हते. "आपुन नुसत्या गाड्या धाडल्या. आपुन गेलो न्हाई," असं ते हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एकच गोष्ट मनात धरली. कुणा ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये त्यांनी हिमालयातल्या स्पितीच्या वाटेवरची एक उंच खिंड पाहिली होती. दोन्ही अंगांना बर्फ, रस्त्यावरून वाहणारा ओढा आणि त्यातून डुलत जाणारी एक बस. "तिचे टायर कोन बगत आसंल रे?" त्यांनी मला विचारलं होतं. मी लातूरला नोकरीला. नुकतीच डांबरावर आणि खडकाळ वाटेवर दोन्हीकडे चालणारी मोटारसायकल घेतली होती. ठरलं असं की माझी गाडी रेल्वेनं न्यायची, दाजींनी तिकडे भाड्यानं एक घ्यायची आणि दोघांनी ती खिंड गाठायची.

मग उन्हाळाभर माझ्या गाडीच्या टायरचा खल चालला. तो चालायचा गफूरभाईंच्या दुकानात. गफूरभाई डेपोत दाजींच्या जोडीला होते, आता बसस्थानकाजवळ त्यांचं टायरचं दुकान आहे. मला मागे चांगला जाडजूड, एकशेचाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर हवा होता. दाजींनी रिमवर बोटांची वीत टेकवली. "ही रिम बारीक हाय. हिच्यावर जाडा टायर बशिवला की बगला आवळत्यात, मधीच फुगतो. दगडाला टेकायला बोटभर जागा ऱ्हाती. दिसायला पैलवान, उभं ऱ्हायला कच्चा." पुढचं एकवीस इंची चाक तसंच ठेवायचं, कारण मोठं चाक दगडावर चढतं आणि लहान चाक दगडाला अडतं. मागे अठरा इंची, एकशेवीस-ऐंशी, म्हणजे रुंदी एकशेवीस आणि टायरची उंची तिच्या ऐंशी टक्के. नक्षी मोठ्या ठोकळ्यांची, पण निव्वळ मातीत चालणारी नाही, कारण निम्मी वाट डांबराची. जादा ट्यूब एकच घ्यायची, तीही पुढच्या चाकाची. "पुढची टूब नड पडली तर मागं चालती. मागची पुढं चालत न्हाई." गफूरभाईंनी मान हलवली आणि टायर मागवायचं ठरलं.

आठच दिवसांत दाजींनी मला पुन्हा निलंग्याला बोलावलं. दुकानात शिरताच म्हणाले, "ऐंशीचा नको. एकशेवीस-नव्वद घे."

मी वैतागलो. "अहो दाजी, गाडी उंच होईल. माझे पाय आत्ताच जेमतेम टेकतात. तीन महिने तुम्हीच मला ऐंशी, ऐंशी सांगितलं."

"उंच होऊ दे. भार जास्ती झेलतो. त्याच्या बगलंला भाराचा आकडा आसतो बग, त्यो मोठा पायजे."

"एकट्या माणसाला कशाला एवढा भार?"

गफूरभाई हातातल्या फडक्याची विनाकारण घडी करत राहिले. मग दाजी टायरकडे बघतच म्हणाले, "मागं मी बसनार हाय."

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या बुडाचं मांस ओसरून तिथे खळगा पडला होता. गेल्या हिवाळ्यापासून अंगठा ऐकत नव्हता. लातूरच्या आणि मग हैदराबादच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं. औषध नाही. अक्काला माहीत होतं, गफूरभाईंना माहीत होतं. मला ते टायरच्या मापातून कळलं.

"जायचं का न्हाई, ते तू सांग," दाजी म्हणाले. मी नव्वदचा टायर बसवून घेतला.

अक्कानं जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही. तिनं जाड कॅनव्हासचा एक रुंद पट्टा शिवला. दाजींना मागे धरून बसता येणार नव्हतं, म्हणून त्यांना माझ्या कमरेला बांधायचा. तो पाहून दाजी भडकले. "मी काय बाजारचं बोचकं हाय?" अक्का शांतपणे म्हणाली, "बोचकं आसतं तर मी दोरीच दिली आसती." मग मला बाजूला घेऊन एवढंच बोलली, "ह्येंला घेऊन ये बाबा. जसं नेतूस तसं."

नांदेडहून गाडी रेल्वेत चढवली आणि आम्ही निघालो. डोंगरात शिरल्यावर पहिले दोन दिवस दाजींनी पट्टा पिशवीतून काढू दिला नाही. सकाळी थंड टायरची हवा मोजल्याशिवाय ते मला चहा पिऊ द्यायचे नाहीत. डांबर संपलं की थांबवून थोडी हवा सोडायला लावायचे. "टायर जरा मऊ पडू दे, मग त्यो दगड धरतो." हे सगळं ते तोंडानं सांगायचे आणि मी हातांनी करायचो. एकदा व्हॉल्व्हची टोपी त्यांच्या बोटांतून तीनदा निसटली. चौथ्यांदा मी ती उचलली, तेव्हा ते डोंगराकडे बघत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी पहिला मोठा ओढा आला. पाणी दुधासारखं पांढरं, तळाला फुटबॉलएवढे धोंडे. दाजी स्वतःहून म्हणाले, "बांध मला." मी पट्टा आवळला. निम्म्यात गेल्यावर मला भीती वाटली आणि मी गॅस सोडला. गाडी एका अंगावर पडली, तिच्याबरोबर मी, आणि मला बांधलेले दाजी. मी धडपडून बक्कल सोडवलं, उठलो, मागे बघितलं. दाजी गुडघाभर पाण्यात एका धोंड्याला मान टेकून उताणे पडले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. नुसते माझ्याकडे बघत होते.

एका ट्रकवाल्याच्या मदतीनं मी त्यांना आणि गाडीला अलीकडच्या काठावर आणलं. अंग पुसलं, माझा स्वेटर घातला. दातावर दात वाजत असताना ते म्हणाले, "टायरनं न्हाई सोडलं. तू सोडलास." आणि हसले. मग म्हणाले, "चल. बारा-तेरा किलोमीटर ऱ्हायलंय."

मी गाडी उलट्या दिशेला वळवली.

"बालाजी," ते म्हणाले, "मला काई झालं न्हाई रे."

"अक्काला काय सांगू मी?" मी जवळजवळ ओरडलो. पण ते खरं कारण नव्हतं. त्यांना खरंच काही झालं नव्हतं. मीच घाबरलो होतो, आणि माझी भीती मी अक्काच्या नावावर घातली. मागे बसल्यावर दाजींनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "बरं केलंस." परतीच्या वाटेवर त्यांनी टायरच्या हवेचा विषय एकदाही काढला नाही.

पुढच्या वर्षभरात डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मी दर रविवारी निलंग्याला जात होतो. आपण वर जायला हवं होतं, माझं चुकलं, असं त्यांना म्हणायचं मी प्रत्येक वेळी ठरवायचो आणि अक्काच्या हातचा चहा पिऊन परत यायचो. शेवटी एका रविवारी म्हणालो, तेव्हा त्यांचं बोलणं गेलेलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ मी आजही लावत असतो. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

दहाव्याला डेपोतली बरीच जुनी माणसं आली होती. गफूरभाई माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "बालाजीभाई, लई मोठं काम केलं तुमी. दाजी दुकानात येऊन समद्यांना सांगायचे. मेव्हण्यानं पार वर नेलं, बर्फात उभं केलं म्हनायचे. हात चालत नव्हते, पन सांगताना चेहरा बगायला पायजे व्हता त्यांचा."

दाराशी अक्का उभी होती. आम्ही कुठून परतलो, हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि गफूरभाईंना म्हणाली, "हाव. नेलं त्यानं."