कापडी बूट आणि जाखूचा चढ

हुबळीच्या आमच्या दुकानात मामंजी, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं धोतरं विकत आले होते. गिऱ्हाईक अळणावरचा शेतकरी असो की कलघटगीचा सावकार, धोतरजोडी उलगडून त्यांचं वाक्य एकच, "हिमालयाचं बर्फ बघा, तसं पांढरं." मराठीत पटलं नाही तर तेच कानडीत. साठी जवळ आली तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं, की आपण बर्फ कधी डोळ्यांनी बघितलेलंच नाही. मग इतकी वर्षं आपण खरं बोलतोय की खोटं?

"खोटं असलं तरी धोतरं खपली ना?" सासूबाई म्हणाल्या. पण मामंजींचं एकदा डोक्यात बसलं की बसलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. दिवाळीचा धंदा आटोपला, दुकान थोरल्या दिरांवर सोपवलं आणि आम्ही चौघं सिमल्याला निघालो: मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मला नेलं कारण परक्या हातचं अन्न सासूबाईंच्या घशाखाली उतरत नसे आणि स्टोव्हची त्यांना भीती वाटे. थोडक्यात, मी स्वयंपाकीण म्हणून गेले. असू दे. माझ्या माहेरच्या सात पिढ्यांत कुणी बेळगावाच्या पलीकडं गेलं नव्हतं, मी हिमालयात गेले.

साहेबलोक थंडीला भिऊन खाली दिल्लीला उतरले होते, म्हणून बाजारात खोली मिळाली. तिथं तुरीची डाळ काही केल्या शिजेना. सासूबाईंनी आधी डाळीला, मग स्टोव्हला आणि शेवटी मला नावं ठेवली. उंचावर पाण्याचं तसंच असतं, हे शेजारच्या हलवायानं सांगितलं तेव्हा कुठं माझी सुटका झाली. सकाळी स्वयंपाक उरकायचा आणि फिरायला निघायचं. देवदाराची झाडं बघितली, मान दुखेपर्यंत वर बघावं अशी. एकावर एक रचलेली घरं बघितली. टोपीवाल्या मडमा गेल्या होत्या, पण त्यांची कुत्री फिरवणारे नोकर अजून होते.

बर्फ मात्र दिसेना. चर्चपुढच्या मोकळ्या मैदानात उभं राहिलं की जो तो उत्तरेकडं बोट करून म्हणे, "बर्फाचे डोंगर तिकडं." तिकडं पिंजलेल्या कापसासारखे ढग. मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून तासन्‌तास उभे राहत आणि परतताना म्हणत, "उद्या." असे चार दिवस गेले. सहाव्या दिवशी परतीची गाडी होती. वय झालेलं, छातीत दम राहिलेला नाही, पुन्हा एवढ्या लांब येणं होणार नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं आणखी एक दुखणं होतं, पायांचं. आमच्या घरच्या बायका पायात काही घालत नसत. वडीलधाऱ्यांसमोर वहाण घालून चालणं म्हणजे त्यांना उलट उत्तर देणंच. आणि मामंजींशी तर लग्नाला सहा वर्षं होऊनही मी एक शब्द बोलले नव्हते. काही विचारायचं तर सासूबाईंच्या मार्फत. सिमल्याच्या त्या फरशांवर पाय सुजले, बोटं लाल झाली, टाचांतून रक्त यायला लागलं. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून चालत होते आणि कुणाला कळलं नाही असं समजत होते.

पाचव्या दिवशी सकाळी खोलीच्या उंबऱ्यात कापडी बूट आणि लोकरीचे मोजे. सासूबाई म्हणाल्या, "ते म्हणाले, हे चामडं नाही, कापड आहे. कापडाचा आपल्या घराला कसला विटाळ?" माप कुठून मिळालं म्हणाल तर न्हाणीच्या दारात माझ्या ओल्या पावलाचा ठसा उमटला होता, तो त्यांनी वितीनं मोजला होता. गजाशिवाय मोजण्यात त्यांचा हात धरणारा हुबळीत कुणी नव्हता. मी बूट पायात घातले आणि रडले, दुसरं काय करणार?

त्या दिवशी जाखूच्या टेकडीवर जायचं ठरलं. वर मारुतीचं देऊळ आहे. चढ असा की गुडघा छातीला लागावा. मामंजी पुढं निघाले. मी मागं. सासूबाईंचा हात धरून हे आणखी मागं राहिले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मामंजी एकदाही मागं बघत नाहीत. दम लागला की तोंड चढाकडं ठेवूनच थांबत. सासूबाई कुठं राहिल्या हेही बघेनात. मग उमगलं. त्यांनी बघितलं नाही म्हणजे मी त्यांच्यासमोर बूट घातले नाहीत. देवळाच्या दारात मी ते काढणार, तोवर ते वळणार नव्हते. मर्यादा माझी, राखत होते ते.

एका वळणावर मी श्वास घ्यायला थांबले आणि सहज मागं बघितलं. झाडांच्या फटीत ढग मधोमध फाटला होता. त्याच्या पलीकडं, आभाळात जिथं डोंगर असेल असं वाटणारही नाही इतक्या उंचावर, बर्फाची अख्खी रांग उन्हात उभी होती. मला हात जोडायचंही सुचलं नाही. मामंजी दहा पावलं वर होते, पाठमोरे.

ह्यांना हाक मारावी तर ते खालच्या वळणाआड. बूट काढून पुढं धावावं म्हणून वाकले, तर नाडी सुटेना. नाडी बांधायची मला कुठली माहिती? बोचक्याला मारतात तशी निरगाठ मारली होती. ओढता ओढता नख तुटलं. मान वर करून मागं बघितलं तर एक शिखर ढगात गेलेलं, दुसऱ्याच्या खांद्याशी ढग आलेला.

मराठीत त्यांच्याशी बोलायला मला तोंडच नव्हतं. आला तो शब्द माहेरच्या अंगणातला, कानडीच आला.

"हिंदक नोड्री." मागं बघा.

मामंजी गर्रकन वळले. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं नाही, थेट माझ्या डोक्यावरून पलीकडं. काठी हातातून पडली ती त्यांनी उचलली नाही. हात जोडले गेले. पान लावून होईल एवढाच वेळ. मग ढग मिटला.

मी मान खाली घालून उभी. आता काय ऐकावं लागतं कोण जाणे, असं वाटलं. ती दहा पावलं चढून काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"सूनबाई, माझी नजर मंद झाली आहे," ते म्हणाले. "आता तू पुढं चाल. काही दिसलं तर हाक मार."